रोज नवा गाव, रोज नवे नाटक

प्रत्यक्ष कार्यक्रमात पेटून उठणाऱ्या फिरत्या रॉक बँडविषयी बोलताना त्या जोशाचे श्रेय वादकांच्या वयाला, स्वभावाला किंवा भल्यामोठ्या स्पीकरना दिले जाते. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला, तेरेखोल नदीकाठच्या आरोंद्यातून पाहिले तर हे उत्तर अपुरे वाटते. रॉक संगीत जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून या टापूत दशावतारी मंडळी गावोगाव फिरत आली आहेत आणि पहाटेपर्यंत प्रेक्षकांना जागे ठेवत आली आहेत. आजगावकर, मोचेमाडकर, खानोलकर, वालावलकर, चेंदवणकर, पार्सेकर ही मंडळांची नावे एका ओळीत मांडली तरी सावंतवाडी, वेंगुर्ला, कुडाळ आणि पेडण्याचा नकाशा तयार होतो. या मंडळांच्या कामाची रीत तपासली की लक्षात येते, रंगमंचावरचा जोश ही कलावंताच्या अंगातली खासगी संपत्ती नसते. तो फिरतीच्या रचनेतून घडतो. ती रचना मोडली, तर तेच कलावंत आणि तीच वाद्ये असूनही तो टिकत नाही.

ही फिरती देवळांच्या पंचांगावर चालते. कार्तिकात जत्रा सुरू होतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत खेळ चालू राहतात. जत्रा तिथीला बांधलेली असते, आणि अनेक गावांत अमुक मंडळानेच खेळ करायचा असा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. त्यामुळे मंडळाचा मुक्काम रोज बदलतो, पण वर्षाने त्याच गावी, त्याच देवळापुढे उभे राहावे लागते. पूर्वी रंगभूषेचे सामान आणि गणपतीचा मुखवटा असलेले पेटारे डोक्यावर घेऊन ही वाट पायी तुडवली जाई. आता टेम्पो आले. राज्याची सीमाही या वाटेला फारशी आडवी येत नाही. आरोंद्यासमोर नदीपलीकडे किरणपाणी, म्हणजे गोव्यातला पेडणे तालुका. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. पुढे पोर्तुगीज आले, १९६१ मध्ये तेही गेले, पण धयकाल्याचा, म्हणजे जत्रेतल्या या दशावतारी खेळाचा, प्रेक्षक दोन्ही काठांवर राहिला.

या फिरतीला जोड मिळते ती लिखित संहिता नसण्याची. पूर्वरंगात गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती येतात; मग काळ्या वेषातला, मालवणीत बोलणारा संकासुर वेद पळवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. त्यानंतर पुराणातले आख्यान. कथानकाचे टप्पे खेळापूर्वी नट आपसांत ठरवून घेतात. संवाद मात्र रंगमंचावर, त्या क्षणी सुचतात. मागे फार तर एक पडदा, पुढे सिंहासन म्हणून एक बाक, बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. राजाच्या भूमिकेतला नट बोलू लागला की स्त्रीभूमिकेतल्या पुरुष नटाला त्याच तोडीचे उत्तर द्यावे लागते, आणि युद्धाच्या प्रसंगात पखवाज नटाच्या पावलांकडे पाहून चढत जातो. पाठ केलेल्या नाटकात लक्ष ढळले तरी वाक्य तोंडातून निघून जाते. इथे लक्ष ढळले की संवादच थांबतो. रात्रभर टिकणारी सावधता या सक्तीतून येते, आणि प्रेक्षकाला जी ऊर्जा म्हणून जाणवते ती बव्हंशी हीच सावधता असते.

हे कोकणापुरतेच खरे असते तर त्याला स्थानिक लकब म्हणून सोडता आले असते. पण अमेरिकेतला ग्रेटफुल डेड हा बँड पाहा. १९६५ ते १९९५ या काळात त्याने सुमारे २,३०० कार्यक्रम केले. गाण्यांची यादी रोज बदलायची आणि एकच गाणे एका रात्री आटोपशीर, तर दुसऱ्या रात्री लांबलचक वाजायचे. चाहते गावामागून गाव त्याच्यामागे फिरत आणि कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून एकमेकांना देत; त्यासाठी बँडने १९८४ पासून प्रेक्षागृहात वेगळी जागाच राखून ठेवली. आधी ऐकलेल्याशी आजचे ताडून पाहणारा श्रोता समोर असला की वादकाला कालचे तसेच आज वाजवणे परवडत नाही. जत्रेतला प्रेक्षकही असाच जाणता असतो. आख्यानाचा शेवट त्याला ठाऊक असतो. या वेळी तिथवर कसे पोचतात, एवढेच पाहायला तो बसलेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा की दशावतार हा देवाच्या जत्रेतला विधी आहे, त्याला मनोरंजनाच्या मापाने मोजू नये. पूर्वरंगापुरते हे बरोबर आहे; तो ठरलेला असतो. पण विधीने फक्त रात्र राखून ठेवलेली असते. ती भरून काढण्याचे काम आख्यानाचे, आणि तिथे नटाला देवाची सबब सांगता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: उत्स्फूर्ततेच्या नावाखाली ठोकळेबाज वाक्ये, ठरलेले विनोद आणि पाल्हाळ चालते. चालते हे खरेच. मात्र तयार तुकडे गाठीशी असल्याशिवाय उत्स्फूर्त बोलणेही शक्य नसते. गवयाकडे पलटे असतात, तसे नटाकडे हे तुकडे असतात. गुण त्यांच्या जोडणीत दिसतो, आणि जोडणी ढिली पडली की जाणता प्रेक्षक उठून जत्रेतल्या दुकानांकडे वळतो.

तिसरा आक्षेप आजच्या बदलांचा. ट्रिकसीन, रंगीत झोत, निरनिराळ्या मंडळांतले नामवंत नट एकत्र आणणारा ‘संयुक्त दशावतार’ यांनीच गर्दी होते, असे म्हटले जाते. दिपवणे दशावताराला नवे नाही. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख केला, तोही सुंदर स्त्रिया भासणाऱ्या पुरुष नटांच्या संदर्भातच. तेव्हा चमत्कृतीला नाक मुरडण्याचे कारण नाही. फक्त तिचे कार्य वेगळे आहे, हे ओळखावे. ट्रिकसीन दुसऱ्या वर्षी तितके चकित करत नाही. संवादाची जुगलबंदी दर वर्षी नव्याने करता येते. संयुक्त प्रयोग रंगतो तोसुद्धा प्रत्येक नटाने आपापल्या मंडळात वर्षानुवर्षे रात्री जागवलेल्या असतात म्हणून. ती शिदोरी तो प्रयोग खर्च करतो, नवी बांधून देत नाही.

फिरतीचे गुणगान करताना तिची किंमत झाकली जाते, हा आक्षेप मात्र मान्यच करायला हवा. रात्रीचे जागरण, दिवसाचा प्रवास आणि हंगामापुरती कमाई, असे हे जगणे आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम भरात होता. खेळ थांबले त्याच दिवशी मिळकतही थांबली. २०२५ मध्ये सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी वृद्ध दशावतारी साकारला आणि या कलेकडे राज्यभराचे लक्ष गेले. कौतुक महोत्सवांकडे आणि सत्कारांकडे वळणे आता सोपे आहे. पण शहरातल्या नाट्यगृहात तास-दीड तासात बसवलेला दशावतार हा त्या कलेचा नमुना असतो, तिचा आखाडा नव्हे. जतन करायचे तर हंगामातल्या रात्री जपाव्या लागतील: गावांनी मानधन वाढवावे, शासनाने हंगामाबाहेरच्या महिन्यांसाठी आणि म्हातारपणासाठी आधार द्यावा, आणि नव्या मुलांना नामवंतांच्या शेजारी छोट्या भूमिकांत उभे राहायला भरपूर जत्रा मिळाव्यात. नट शिकवून तयार करता येतो. त्याला जागे ठेवणारा प्रेक्षक मात्र फिरतीवरच भेटतो.