जुना प्रीअँप, वेगळा पॉवर अँप: जोडी कशावर जमते?

जुन्या स्टिरिओच्या शौकिनांत एक समज घट्ट रुतलेला आहे: प्रीअँप आणि पॉवर अँप एकाच कंपनीचे असले तरच सूर जमतो. दाखला म्हणून क्वाडचं नाव घेतलं जातं. या ब्रिटिश कंपनीने १९६७ साली ३३ हा प्रीअँप आणि ३०३ हा पॉवर अँप जोडीनेच बाजारात आणला. ही जोडी जमते हे खरं, पण ती नावामुळे नव्हे. ३३ मधून अर्धा व्होल्ट बाहेर पडतो आणि ३०३ ला पूर्ण ताकदीसाठी नेमका तेवढाच लागतो. आकडे बसत असतील तर परक्या कंपनीचा पॉवर अँपही खुशाल लावा. फार तर डिन प्लगची वायर बनवून घ्यावी लागेल.

आकडे बसले नाहीत तर? समजा, १०० वॉटच्या अँपला पूर्ण ताकदीसाठी दीड व्होल्ट हवा आणि तुम्ही अर्धाच दिला. वॉट व्होल्टेजच्या वर्गाने घटतात, म्हणून हाती येतात जेमतेम ११ वॉट. मग ‘अँप गेला’ अशी बोंब होते आणि धडधाकट अँप दुरुस्तीला जातो.

याच्या उलट, नॉब जरा फिरवताच घर दणाणलं की लोक खूश होतात. त्यात अँपच्या दमाचा काही संबंध नाही, गेन जास्त आहे एवढंच. सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत सिग्नल देतो आणि ३३ चं रेडिओचं इनपुट १०० मिलिव्होल्टसाठी बेतलेलं. नॉबच्या अगदी सुरुवातीला जुन्या पॉटचे डावा-उजवा आवाज बहुधा सारखे नसतात. मध्ये दोन-दोन रेझिस्टरचा अ‍ॅटेन्युएटर घातला की काम भागतं.

आता सर्वांत चिवट गैरसमज: दोन्हीकडचा इम्पीडन्स सारखा हवा. हे खूळ टेलिफोनच्या ६०० ओहम लाइनींच्या जमान्यातून आलं असावं. इथे दोन्हीकडे १० किलोओहम ठेवलेत तर अर्धं व्होल्टेज वाटेतच जिरतं. पॉवर अँपचा इनपुट इम्पीडन्स प्रीअँपच्या आउटपुटच्या निदान दहापट हवा, त्याहून जास्त असला तरी बिघडत नाही. व्हॉल्व्हच्या प्रीअँपबाबत हे फार जपावं, कारण त्याच्या आउटपुटला कपॅसिटर असतो. समजा, तो ०.१ मायक्रोफॅरडचा आहे. पुढे १०० किलोओहमचा व्हॉल्व्ह अँप असेल तर खर्जाची घसरण सुमारे १६ हर्ट्झला सुरू होते, म्हणजे ऐकू येण्याच्या हद्दीबाहेरच. तिथे १० किलोओहमचा ट्रान्झिस्टर अँप लावलात की ती १६० हर्ट्झवर येते आणि डग्ग्याचा घुमारा जातो. दोष मात्र बिचाऱ्या स्पीकरला मिळतो.

‘वाजतोय ना, मग ठीकच आहे,’ हा समज महागात पडतो. पन्नास-साठ वर्षांचा कपॅसिटर गळका झाला तर प्रीअँपच्या आउटपुटवर डीसी उतरतो. ३०३ च्या आउटपुटला स्वतःचा कपॅसिटर असल्याने तिथे स्पीकर वाचतो. ज्या अँपमध्ये इनपुटपासून आउटपुटपर्यंत कुठेच कपॅसिटर नाही, तिथे वूफर जळू शकतो. म्हणून जोडण्याआधी प्रीअँप पाच-दहा मिनिटं तापू द्या आणि मल्टिमीटरने आउटपुटवरचा डीसी मोजा. तो काही मिलिव्होल्टच्या वर टिकून राहिला तर कपॅसिटर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. रोजच्या वापरातही पॉवर अँप सगळ्यांत शेवटी चालू करा आणि सगळ्यांत आधी बंद.

हम येतो म्हणून अर्थिंगची पिन तोडणं हा इलाज नव्हे, जिवाशी खेळ आहे. आधी दोन्ही एकाच बोर्डावर लावून पाहा.

आणि चोर बाजारातून किंवा परदेशातून माल आणलात तर मागचा स्टिकर वाचा. अमेरिकी सेट साधारण १२० व्होल्टचा, जपानी १०० चा, आपल्या भिंतीत २३०. जपानी सेटला ११० चा ट्रान्सफॉर्मर चालवून घेऊ नका, १०० चाच मागा.