मोंढ्यावरचं सोयाबीन ताटात कधी?

दिवाळीच्या सुमारास हिंगोलीच्या मोंढ्यावर सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. वसमत, सेनगाव, कळमनुरी, औंढा, सगळीकडे खरिपात हे पीक ठरलेलंच. पण त्यातलं किलोभर तरी आपल्या डब्यात येतं का? तेल तेवढं येतं. प्रथिनं राहतात पेंडीत, आणि पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्याला! मग तीच आपण अंड्यांच्या रूपानं विकत घेतो. बरीचशी वाटेतच खर्ची पडलेली असतात.

मांस-अंडी खाल्ल्याशिवाय अंगात ताकद येत नाही, असं पुष्कळजणींना वाटतं. ते खरं नाही. १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ग्रॅम प्रथिनं असतात, तूरडाळीत २२ च्या आसपास. ज्वारीत लायसिन कमी, डाळीत भरपूर. म्हणून भाकरी-पिठल्याची जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. २०१८ साली अनेक प्रयोगांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. व्यायामाबरोबर सोयाची प्रथिनं घेणाऱ्यांचे आणि दूध-मांसाची घेणाऱ्यांचे स्नायू सारखेच वाढल्याचं त्यात दिसलं. मात्र व्यायाम हवाच. ताण पडल्याशिवाय स्नायू वाढत नाही.

मैत्रिणींनो, हा प्रश्न फक्त तालमीत जाणाऱ्या मुलांचा नाही. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात आणि पुढे जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ५५ किलो वजनाच्या बाईला रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेल्या पातळ वरणावर हे कसं भागणार?

मग करायचं काय? निवडलेलं सोयाबीन रात्रभर भिजवा. पाणी टाकून द्या, ताज्या पाण्यात अर्धा तास उकळा, खडखडीत वाळवा आणि हलकं भाजा. नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात दळून आणा. कच्चं दळू नका. त्यातले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत. पेरणीचं औषध लावलेलं बियाणं तर चुकूनही वापरू नका. पीठ लवकर खवट होतं, म्हणून थोडंथोडंच दळा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जोडीला एक दिवसाआड, हात न टेकता खुर्चीवरून दहा-बारा वेळा उठा-बसा. आणि वरण वाढताना तळातली घट्ट पळी स्वतःच्या वाटीतही पडू द्या!