‘तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस’ असा मेसेज आलाय? कस्टमर केअरला फोन लावण्याआधी हे वाचा

धाराशिव : बातम्या किंवा सोयाबीनचा भाव बघता बघता अचानक स्क्रीन लाल होते, फोन थरथरतो आणि वर अक्षरं येतात, ‘तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस सापडले. २ मिनिटांत साफ करा, नाहीतर सिमकार्ड बंद पडेल.’ खाली हिरवं बटण. परंडा, भूमपासून उमरगा, लोहाऱ्यापर्यंत असा मेसेज ज्यांनी पाहिलाच नाही, असे स्मार्टफोनवाले थोडेच सापडतील.

दुसरी तऱ्हा पैसे भरून अँटिव्हायरस घेतलेल्यांची. त्यांच्या स्क्रीनवर ‘धोका आढळला’ असं येतं. कसला धोका, कुठल्या फाईलमध्ये, आता काय करायचं, यातलं काहीच कळत नाही. कस्टमर केअरला फोन लावावा तर आधी गाणं वाजतं, मग हिंदी-इंग्रजीतले पर्याय येतात. शेवटी ‘फोन बंद करून चालू करा’ एवढंच उत्तर मिळतं. वैतागून माणूस गुगलवर दुसरा नंबर शोधतो आणि खरी फसवणूक बऱ्याचदा तिथंच होते.

आज पीएम किसानचा हप्ता, पीक विम्याची रक्कम, पीककर्ज या सगळ्याचे मेसेज एकाच मोबाईलवर येतात. बँकेचा ओटीपीही त्याच नंबरवर येतो. म्हणून खरी सूचना कोणती आणि भामट्याची कोणती, हे ओळखता आलंच पाहिजे.

आधी बघा, बोलतंय कोण?

स्क्रीनवर व्हायरसची सूचना तीन ठिकाणांहून येऊ शकते.

पहिली, वेबसाइटकडून. ही जवळपास नेहमीच खोटी असते. कारण साधं आहे. क्रोममध्ये उघडलेल्या पानाला तुमच्या फोनमधली ॲप्स, फोटो, फाईली तपासताच येत नाहीत. मग त्याला तुमच्या फोनचं मॉडेल कसं कळलं? ते ब्राउझरच वेबसाइटला सांगतो, म्हणजे पान नीट दिसावं. गावाचं किंवा शहराचं नाव इंटरनेट कनेक्शनवरून अंदाजानं टाकलेलं असतं. त्यामुळे कधी कधी कळंबच्या माणसाला ‘पुणे’ दिसतं. फोनचं नाव बरोबर आलं म्हणून सूचना खरी ठरत नाही.

दुसरी, नोटिफिकेशनच्या पट्टीतून. एखाद्या साइटवर ‘पुढे जाण्यासाठी अलाऊ दाबा’ असं आलेलं असतं आणि आपण दाबतो. त्या दिवसापासून ती साइट कधीही नोटिफिकेशन पाठवू शकते. त्यात अँटिव्हायरसचं चित्रही लावलेलं असतं. नीट बघितलं तर नोटिफिकेशनवर ‘क्रोम’ आणि साइटचं नाव बारीक अक्षरात दिसतं. व्हायरस नाही, ही जाहिरात आहे. त्या नोटिफिकेशनवर बोट दाबून धरा आणि ती बंद करा. नाहीतर क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, मग नोटिफिकेशन उघडा आणि अनोळखी नावं काढून टाका.

तिसरी, फोनमधल्याच ॲपकडून. ही खरी असू शकते. अँड्रॉइड फोनमध्ये प्ले प्रोटेक्ट नावाची तपासणी आधीपासूनच असते आणि ती फुकट आहे. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या आपल्या चित्रावर दाबा, ‘प्ले प्रोटेक्ट’ निवडा आणि स्कॅन करा. लाल सूचना आली की त्यावर लगेच बोट ठेवायचं नाही. पान बंद करायचं आणि ही तपासणी स्वतः उघडून बघायची. सूचनेच्या बटणावरून कुठेही जायचं नाही, ही सवय लागली तर निम्मं काम झालं.

महा ई-सेवा केंद्रात किंवा दुकानात कॉम्प्युटर असेल तर आणखी एक खूण लक्षात ठेवा. पूर्ण स्क्रीनभर सूचना, कर्कश आवाज आणि खाली ‘मायक्रोसॉफ्ट’च्या नावानं फोन नंबर असेल, तर तो खोटा आहे. आपल्या सूचनांमध्ये आपण कधीच फोन नंबर देत नाही, असं मायक्रोसॉफ्टनं स्पष्ट सांगितलेलं आहे. एस्केपचं बटण दाबून धरा. तरी पान हटत नसेल तर कॉम्प्युटर सरळ बंद करा. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘डिफेंडर’ हा अँटिव्हायरस मुळातच असतो, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.

खरा धोका लाल स्क्रीनमध्ये नाही, एपीकेमध्ये

फोनमध्ये घातक ॲप शिरतं ते बहुतेक वेळा आपण स्वतः बसवल्यामुळं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘पीएम किसान’ किंवा ‘आरटीओ चलन’ अशा नावाची फाईल येते, शेवटी ‘एपीके’ लिहिलेलं असतं. पाठवणारा ओळखीचाच दिसतो, कारण त्याचाही फोन आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. फाईल बसवली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते. ती मिळाली की ओटीपी परस्पर दुसरीकडं जातो.

अशी फाईल बसवताना फोन ‘हे ॲप हानिकारक असू शकतं’ असं सांगतो. गंमत अशी, की खोट्या सूचनांना घाबरणारी माणसं नेमकी ही खरी सूचना ‘तरीही इन्स्टॉल करा’ दाबून ओलांडतात. सरकारी योजनेचं ॲप व्हॉट्सॲपवर फाईल म्हणून येत नाही, ते प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं.

खऱ्या अँटिव्हायरसची भाषा

पैसे भरून घेतलेल्या अँटिव्हायरसच्या सूचना खऱ्या असल्या तरी त्यातले शब्द डॉक्टरच्या चिठ्ठीसारखे असतात. नेहमी दिसणारे काही शब्द असे :

क्वारंटाइन : आजारी जनावर गोठ्यातून काढून वेगळं बांधतात, तशी संशयित फाईल वेगळी ठेवली आहे. म्हणजे काम झालेलं आहे, घाबरून फोन रिसेट करायची गरज नाही.

पीयूए किंवा पीयूपी : नको असलेला प्रोग्राम. चोरी करणारा व्हायरसच असेल असं नाही. बहुतेकदा जाहिराती दाखवणारं, दुसऱ्या ॲपसोबत गुपचूप आलेलं ॲप असतं. काढून टाकलेलं बरं.

ट्रोजन : वरून कामाचं दिसणारं, आतून घात करणारं ॲप. ही सूचना गांभीर्यानं घ्या. आधी इंटरनेट बंद करा, मग ते ॲप काढा. ॲप निघत नसेल तर सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ शोधून त्याची परवानगी बंद करा आणि पुन्हा काढून बघा. बँकेचा पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या, चांगल्या फोनवरून बदला.

‘तुमचं संरक्षण संपलं’ : हा व्हायरस नव्हे. वर्षाची मुदत संपली, पैसे भरा, एवढाच त्याचा अर्थ.

‘२ जीबी कचरा सापडला’ : हाही व्हायरस नाही. जुन्या तात्पुरत्या फाईली असतात, त्या फोनच्या स्टोरेज सेटिंगमधूनही साफ होतात.

ग्राहकांचा वैताग इथंच सुरू होतो. मुदत संपल्याची आठवण आणि चोर घरात शिरल्याची आरोळी दोन्ही एकाच लाल रंगात दिली, तर साध्या माणसाला फरक कळणार कसा? अशा भीतीचा धंदा फक्त आपल्याकडं चालतो असंही नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं मार्च २०२४ मध्ये सायप्रसच्या ‘रेस्टोरो’ आणि ‘रीइमेज’ या कंपन्यांवर अशीच कारवाई केली. तपास अधिकाऱ्यांनी गिऱ्हाईक बनून चांगल्या कॉम्प्युटरवर त्यांची तपासणी चालवली, तरी तिनं बिघाड दाखवले. २ कोटी ६० लाख डॉलर भरायला त्या कंपन्या तयार झाल्या.

आपल्याकडंही यावर नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला स्क्रीनवर चकवणाऱ्या १३ युक्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात खोटा व्हायरस दाखवून पैसे उकळणं आहे. सतत भंडावणं आणि वर्गणी बंद करायची वाट अवघड करून ठेवणं, हेसुद्धा आहे.

कस्टमर केअरचा नंबर कुठून घ्यायचा?

गुगलवर ‘अमुक अँटिव्हायरस कस्टमर केअर’ असं शोधून पहिला दिसेल तो नंबर लावू नका. भामटे नामांकित कंपन्यांच्या नावानं स्वतःचे नंबर टाकून ठेवतात. नंबर किंवा ईमेल तीनच ठिकाणांहून घ्या : ॲपमधलं ‘मदत’ किंवा ‘सपोर्ट’, प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावर दिलेला डेव्हलपरचा संपर्क, किंवा विकत घेतलेल्या डब्यावर आणि बिलावर छापलेला नंबर.

फोन लावण्याआधी सूचनेचा स्क्रीनशॉट काढा. ॲपचं नाव, लायसन्स की, बिलाची तारीख कागदावर लिहून घ्या. ‘व्हायरस आलाय’ एवढंच सांगितलं तर पलीकडच्याला काही कळत नाही आणि तो ठरलेलं उत्तर देऊन मोकळा होतो. सूचनेतले शब्द जसेच्या तसे वाचून दाखवा आणि तीन प्रश्न विचारा. फाईल कोणती? तुमच्या ॲपनं तिचं काय केलं? मी आता काय करू? शेवटी तक्रार नंबर मागा. तो न मिळाल्यास तीच तक्रार ईमेलनं पाठवा. मराठीत लिहिली तरी चालेल, पण लेखी असू द्या.

पलीकडचा माणूस ओटीपी, यूपीआय पिन, कार्डाचा नंबर मागू लागला किंवा ‘एक रुपया पाठवून बघा’ म्हणाला, तर फोन ठेवा. मोबाईलवर एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला सांगितलं तरी तेच. त्या ॲपमधून तुमची पूर्ण स्क्रीन समोरच्याला दिसते, बँकेचा मेसेजसुद्धा.

न विचारता पैसे कापले तर

फुकट चाचणी म्हणून घेतलेलं ॲप महिन्यानं पैसे कापायला लागतं, ही मोठी तक्रार आहे. ॲप काढून टाकल्यानं वर्गणी बंद होत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर दाबून ‘पेमेंट आणि सदस्यत्वे’मध्ये जा आणि तिथून ती रद्द करा. फोनपे, गुगल पे यांसारख्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ही बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे आपोआप कापले जाणारे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी लागते. तो एसएमएस वाचायचा आळस करू नका.

दाद मिळत नसेल तर

कंपनी ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार द्या. तिथं मराठीतही बोलता येतं. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीकडं पाठवून उत्तर मागते.

तिथंही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नं एक मोठी सोय केली. कंपनी पुण्यात असो की दिल्लीत, ग्राहक जिथं राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे तुळजापूरच्या ग्राहकाला धाराशिव पुरेसं आहे. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही. तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. स्क्रीनशॉट, बिल आणि तक्रार नंबर तिथं पुरावा म्हणून कामाला येतात.

पैसे गेलेच तर

क्षणभरही न थांबता १९३० ला फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जायला फार वेळ लागत नाही, म्हणून जितकं लवकर कळवाल तितकी ते मध्येच गोठवण्याची शक्यता जास्त. पाठोपाठ बँकेला कळवा आणि तक्रारीचा नंबर घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना ग्राहकाची ना बँकेची, अशा प्रकरणात ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या अंगावर येतं, कळवल्यानंतरचं बँकेच्या. म्हणून लाजून गप्प बसण्यानं तोटाच वाढतो. ऑनलाइन तक्रार ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या साइटवर करता येते. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते.

फोन खरंच बिघडल्याची शंका असेल तर सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ आहे, ‘सीएसके डॉट गव्ह डॉट इन’ या पत्त्यावर. सर्ट-इन या सरकारी संस्थेचं हे केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं आणि तिथली साफसफाईची साधनं फुकट मिळतात. दूरसंचार विभागाकडून याच केंद्राची माहिती देणारे एसएमएस अनेकांना आले आणि अनेकांनी तेच खोटे समजून पुसले. असा मेसेज आल्यास लिंकवर दाबू नका, पत्ता स्वतः टाईप करा. शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असेल तरच पुढं जा.

घरात ज्यांना वाचायला अडचण येते, त्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना एवढं तरी सांगून ठेवा : स्क्रीन लाल झाली तर काही दाबायचं नाही, फोन पालथा ठेवायचा आणि घरातल्या कुणाला तरी दाखवायचा.