झेकोस्लोव्हाकियाची सात दिवसांची झुंज

एखादा देश एका रात्रीत जिंकता येतो. पण त्याचा कारभार पाहावयास माणसेच मिळाली नाहीत, तर जेत्याची मोठी पंचाईत होते. २० ऑगस्ट १९६८ च्या रात्री सोव्हिएट संघ, पोलंड, हंगेरी व बल्गेरिया यांच्या फौजा झेकोस्लोव्हाकियात शिरल्या. देशाच्या सैन्याला प्रतिकार न करण्याची आज्ञा होती. लष्करी दृष्ट्या मोहीम तेथेच संपली. राजकीय दृष्ट्या मात्र ती आठवडाभर फसलेलीच होती.

या आक्रमणाचे कारण काय? जानेवारी १९६८ मध्ये नोवोत्नी यांच्या जागी अलेक्झांडर डुबचेक हे स्लोव्हाक गृहस्थ कम्युनिस्ट पक्षाचे पहिले चिटणीस झाले. एप्रिलमध्ये पक्षाने कृतिकार्यक्रम प्रसिद्ध केला. त्यात भाषणस्वातंत्र्य, कारखान्यांना अधिक स्वायत्तता आणि स्लोव्हाकांना बरोबरीचे स्थान यांचे आश्वासन होते. पक्षाचे नेतृत्व सोडण्याची भाषा त्यात कोठेही नव्हती. हंगेरीने १९५६ साली वॉर्सा करारातून बाहेर पडत असल्याची घोषणा केली होती. डुबचेक यांनी उलट करारनिष्ठेची ग्वाही वारंवार दिली. तरीही मॉस्कोचे समाधान झाले नाही. जूनमध्ये वृत्तपत्रांवरील पूर्वनियंत्रण कायद्याने रद्द झाले, आणि खरी ठिणगी येथेच पडली असे म्हणावयास हवे. त्याच महिन्यात लेखक लुडविक वात्सुलीक यांचे ‘दोन हजार शब्द’ हे आवाहन छापून आले. उद्याच्या अंकात काय येणार हे ज्या पक्षाला आदल्या रात्री ठाऊक नसते, तो पक्ष सत्तेवर फार काळ टिकत नाही, असा मॉस्कोचा हिशेब असावा. आणि त्यांच्या दृष्टीने तो चुकीचाही नव्हता.

पक्षाचे अध्यक्षमंडळच आपल्याला बोलावून घेईल, अशी आक्रमकांची अपेक्षा होती. घडले उलटे. सात विरुद्ध चार मतांनी मंडळाने आक्रमणाचा निषेध केला. डुबचेक व त्यांचे सहकारी यांना पकडून नेण्यात आले. पण राष्ट्राध्यक्ष स्वोबोदा नवे सरकार नेमावयास तयार होईनात. प्रागच्या नभोवाणी-केंद्रासमोर निःशस्त्र तरुणांनी बसगाड्या आडव्या घालून रणगाडे अडविले. कित्येकांचे तेथे प्राण गेले. केंद्र पडले, तरी गुप्त ठिकाणांहून ध्वनिक्षेपण चालूच राहिले. लोकांनी रस्त्यांच्या पाट्या उतरविल्या. मॉस्कोची दिशा दाखविणाऱ्या पाट्या तेवढ्या ठेवल्या! २२ ऑगस्टला व्हिसोचानी भागातील एका कारखान्यात, फौजांच्या नाकावर टिच्चून, पक्षाचे अधिवेशनही भरले.

रणगाड्यांना जे जमले नाही ते मॉस्कोत कागदाने साधले. पकडून नेलेल्या नेत्यांपुढे करारनामा ठेवला गेला आणि २६ ऑगस्टला त्यांनी सह्या केल्या. त्या कागदाने अधिवेशन रद्दबातल ठरले, वृत्तपत्रांना पुन्हा वेसण घालणे आले. दुसऱ्या दिवशी डुबचेक नभोवाणीवर बोलले ते अडखळत, मध्येच थांबत. कंठ दाटून येत होता. त्यांना भ्याड म्हणणे सोपे आहे. रक्तपात टळावा ही त्यांची तळमळ खरी होती. पण त्या सहीने लोकांचा प्रतिकारच निराधार झाला. जानेवारी १९६९ मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने प्रागमध्ये स्वतःस जाळून घेतले, ते लोकांच्या या वाढत्या निराशेला जाग यावी म्हणून. एप्रिलमध्ये डुबचेक यांच्या जागी हुसाक आले. डुबचेक यांना पुढे वनखात्यात नोकरी करावी लागली. मोठ्या सुधारणांपैकी टिकली ती एकच : १९६९ च्या आरंभी देश झेक व स्लोव्हाक यांचे संघराज्य झाला.

सुरक्षा समितीतील निषेधाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. या धोरणाशी मतभेद होऊन अशोक मेहता यांनी केंद्रीय मंत्रिपद सोडले.

सोव्हिएट फौजा अखेर परतल्या त्या जून १९९१ मध्ये. मॉस्कोतील त्या कागदावर एका नेत्याची सही मात्र कधीच झाली नाही. स्पेनच्या यादवी युद्धात डॉक्टर म्हणून काम केलेल्या फ्रान्टिशेक क्रीगेल यांनी ती ठामपणे नाकारली. १९७७ साली नागरी हक्कांची ‘सनद ७७’ निघाली, तेव्हा तिच्यावर मात्र त्यांनी सही केली. १९७९ च्या डिसेंबरात ते निवर्तले.