कोन्याक, ब्रँडी आणि आपले पक्के गैरसमज

ज्या घरात दारूचं नावही काढलेलं चालत नाही, तिथेही औषधाच्या कपाटात ब्रँडीची एक लहान बाटली सापडते. थंडीतापाला, बाळंतिणीला, छाती भरलेल्या लेकराला ‘दोन थेंब’ म्हणून ती ठेवलेली असते. काही घरांत शोकेसमध्ये दुसरी बाटली असते. परदेशातून येताना कुणीतरी विमानतळावर घेतलेली, ‘एक्सओ’ लिहिलेली, जाड काचेची. ती कोन्याक. ‘जितकी जुनी तितकी भारी’ म्हणून ती वर्षानुवर्षं उघडली जात नाही.

छत्रपती संभाजीनगरला मद्यउद्योग नवा नाही. वाळूज आणि चिकलठाण्याचे कारखाने आपल्या परिचयाचे आहेत. २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने त्यांच्या पाण्यात कपात करायला लावली, तेही अनेकांना आठवत असेल. पण त्या दोन बाटल्यांमध्ये काय असतं, याबद्दल या शहरातही गैरसमजच जास्त आहेत. ते दूर करावेत असं मला मनापासून वाटतं. त्यातला एक थेट लहान मुलांच्या जिवाशी खेळतो, आणि बाकीचे दूर झाले की आपल्या पैठणीकडेही वेगळ्या नजरेने पाहता येतं.

गैरसमज १ : कोन्याक म्हणजे महागडी ब्रँडी, बाकी फरक काही नाही.

वस्तुस्थिती : कोन्याक ही ब्रँडी आहे, पण प्रत्येक ब्रँडी कोन्याक नसते. ब्रँडी हा शब्द डच व्यापाऱ्यांच्या ‘ब्रांडेवाइन’वरून आला. त्याचा अर्थ जाळलेली, म्हणजे आचेवर उकळून ऊर्ध्वपातन केलेली वाईन. कोन्याक हे मात्र गावाचं नाव आहे. नैऋत्य फ्रान्समध्ये, बोर्दोच्या उत्तरेला, शारांत नदीच्या काठी ते वसलेलं आहे. या गावाभोवतीच्या कोणत्या जमिनीतल्या द्राक्षांना हे नाव लावता येईल, याची हद्द १९०९मध्ये सरकारी हुकमाने आखली गेली. पुढे १९३८मध्ये तिचे मातीनुसार सहा पोटविभाग ठरले. सर्वांत मानाच्या विभागाचं नाव ‘ग्रांद शांपान्य’. फेसाळत्या शँपेनशी त्याचा काही संबंध नाही. इथे ‘शांपान्य’ म्हणजे खडूसारख्या चुनखडीची मोकळी शेतजमीन.

आपल्या दुकानातल्या बहुतेक ब्रँडीची गोष्ट वेगळी आहे. भारतीय अन्नसुरक्षा मानकांप्रमाणे मिश्र ब्रँडीत द्राक्षांची शुद्ध ब्रँडी किमान २ टक्के असली तरी चालते. उरलेला भाग उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढलेला मद्यार्क असू शकतो. म्हणून बाटलीवरचं द्राक्षांच्या घडाचं चित्र पाहून आत काय आहे ते ठरवू नये. मागचं लेबल वाचावं.

गैरसमज २ : उत्तम कोन्याकला उत्तम, गोड द्राक्षं लागतात.

वस्तुस्थिती : द्राक्षांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला असं वाटणं स्वाभाविक आहे. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने इथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली आहे. ही फळं वर्षातून दोनदा येतात, असं त्याने लिहिलं. आज शेजारच्या जालना जिल्ह्यात कडवंचीसारखं गाव शेततळ्यांच्या पाण्यावर द्राक्षं पिकवतं. थॉम्पसन, सोनाका, माणिक चमन या आपल्या जाती खाण्यासाठी असतात, आणि शेतकऱ्याचं सगळं लक्ष घडात गोडी भरण्याकडे असतं.

कोन्याकला नेमकं उलटं फळ लागतं. तिथल्या बहुतेक सगळ्या बागा ‘उन्यी ब्लां’ या पांढऱ्या, आंबट जातीच्या आहेत. तिची वाईन पातळ आणि आंबट होते, मद्यार्क जेमतेम ९ टक्क्यांच्या आसपास. आंबटपणामुळे ती हिवाळाभर टिकते. तशी ती टिकावीच लागते, कारण वाईन टिकवण्यासाठी एरवी सर्रास वापरला जाणारा गंधकाचा डोस इथे वर्ज्य आहे. भट्टीत गंधकाचा वास मद्याबरोबर उतरतो आणि मग तो जात नाही. साखर कमी असल्याने मद्यार्कही कमी, म्हणून थोड्या मद्यासाठी भरपूर वाईन आटवावी लागते आणि फळाचा गंध एकवटून येतो. साधारण ९ लिटर वाईनमधून १ लिटर मद्य निघतं.

हे आटवणं तांब्याच्या भांड्यात, थेट आचेवर, दोनदा होतं. पहिल्या फेरीत ३० टक्क्यांच्या आसपास मद्यार्काचा गढूळ द्रव मिळतो. दुसऱ्या फेरीत सुरुवातीची तिखट धार आणि शेवटची जड धार बाजूला काढतात. मधली स्वच्छ धार तेवढी पुढच्या प्रवासाला ठेवतात. तिची ताकद सुमारे ७० टक्के असते. ती कुठे सुरू झाली आणि कुठे थांबवायची, हे भट्टीवरचा माणूस नाकाने आणि जिभेने ठरवतो. सुगीनंतरचं हे सगळं काम पुढच्या ३१ मार्चच्या आत संपवावं लागतं, असा नियमच आहे.

गैरसमज ३ : कोन्याकच्या वेली शेकडो वर्षांच्या अस्सल फ्रेंच वंशाच्या आहेत.

वस्तुस्थिती : १८७०च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड शारांतमध्ये पोचली आणि बागाच्या बागा वाळल्या. अमेरिकी रानवेलींची मुळं या किडीला दाद देत नाहीत, हे कळलं होतं. पण त्यांतल्या बऱ्याच वेली चुनखडीच्या जमिनीत तगत नव्हत्या. १८८७मध्ये फ्रेंच सरकारने शास्त्रज्ञ पिएर व्याला यांना अमेरिकेला पाठवलं. टेक्ससमधल्या डेनिसन गावचे द्राक्षतज्ज्ञ टी. व्ही. मन्सन यांनी त्यांना चुनखडीत वाढणाऱ्या रानवेली दाखवल्या. त्यांच्यापासून खुंट तयार झाले, त्या खुंटांवर फ्रेंच जातींची कलमं बांधली गेली आणि कोन्याक वाचलं. डेनिसन आणि कोन्याक ही आज भगिनी-शहरं आहेत.

आपल्या बागायतदाराला यात ओळखीचं काहीतरी सापडेल. महाराष्ट्रात क्षारपड जमिनीसाठी आणि पाण्याच्या ताणासाठी जो ‘डॉगरिज’ खुंट लावला जातो, तोही टेक्ससच्याच रानवेलींतून निवडलेला आहे. परंपरा टिकते ती वेळेला बाहेरची मदत घेऊन, हे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी सिद्ध केलं आहे.

गैरसमज ४ : घरात जपून ठेवलेली बाटली आणखी मुरते.

वस्तुस्थिती : कोन्याक ओकच्या पिंपात मुरतं, काचेत नाही. भट्टीतून उतरलेलं मद्य पाण्यासारखं रंगहीन असतं. लिमूझँ किंवा त्राँसे इथल्या जंगलांतल्या ओकपासून केलेल्या पिंपात ते वर्षानुवर्षं राहतं. लाकडातून रंग आणि टॅनिन उतरतं, लाकडाच्या रंध्रांतून हवा आत जाते, आणि तिखटपणा जाऊन सुक्या मेव्याचा, मसाल्याचा, जुन्या लाकडाचा गंध येतो. बाटलीचं बूच बसलं की हा प्रवास थांबतो. वीस वर्षं शोकेसमध्ये ठेवलेली एक्सओ वीस वर्षांनीही तीच एक्सओ असते. उन्हात ठेवली तर मात्र बिघडते.

लेबलवरची अक्षरंही कंपनीची नावं नव्हेत. ‘व्हीएस’ म्हणजे मिश्रणातलं सर्वांत कोवळं मद्य किमान २ वर्षं पिंपात राहिलेलं, ‘व्हीएसओपी’ किमान ४ वर्षं. ‘एक्सओ’ची अट पूर्वी ६ वर्षांची होती, २०१८पासून ती १० वर्षं झाली. ‘नेपोलियन’ लिहिलेल्या बाटलीचा सम्राटाच्या तळघराशी संबंध नाही, तीही ६ वर्षांवरची एक प्रत आहे. बहुतेक बाटल्यांत अनेक वर्षांची, अनेक बागांची मद्यं एकत्र केलेली असतात, आणि वय मोजलं जातं ते त्यातल्या धाकट्याचं.

गैरसमज ५ : रंग जितका गडद, तितकं मद्य जुनं.

वस्तुस्थिती : रंग एकसारखा दिसावा म्हणून ठरावीक प्रमाणात कॅरमेल घालायला नियमांत मुभा आहे. त्यामुळे नुसत्या रंगावरून वय सांगता येत नाही.

गैरसमज ६ : किंमत आहे ती नक्षीच्या बाटलीची.

वस्तुस्थिती : रेमी मार्तँ घराण्याच्या ‘लुई तेरावा’सारख्या कोन्याकची बाटली बाकारा स्फटिकाची असते. तिची किंमत असतेच, पण खरा खर्च तळघरात होतो. पिंपातून दरवर्षी सुमारे २ टक्के मद्य उडून जातं. तिथले लोक त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. या वाफेवर वाढणाऱ्या बुरशीने तळघरांच्या भिंती आणि कौलं काळी पडलेली दिसतात. हिशेब करून पाहा : वर्षाला २ टक्के धरले, तर १०० लिटरमधले ५० वर्षांनंतर जेमतेम ३६ उरतात. मद्य पिंपात जितकं राहायचं तितकं राहिलं की ते काचेच्या मोठ्या बुधल्यांत भरून तळघराच्या एका कोपऱ्यात ठेवतात. त्या कोपऱ्याचं नाव ‘पारादी’, म्हणजे स्वर्ग.

त्याहून मोठी गुंतवणूक माणसांची आहे. मार्तेल घराणं १७१५चं, रेमी मार्तँ १७२४चं, हेनेसी १७६५चं. मार्तेलचा संस्थापक जर्सी बेटावरचा आणि हेनेसीचा आयर्लंडचा, पण दोघंही त्या मातीशी एकरूप झाले. हेनेसीमध्ये मिश्रणाची जबाबदारी दोनशेहून अधिक वर्षं फिलिऊ या एकाच कुटुंबाकडे चालत आली आहे. रेमी मार्तँने २००३मध्ये ती पिएरेत त्रिशे यांच्याकडे सोपवली, आणि मोठ्या घराण्यात हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. आज पिंपात ठेवलेलं उत्तम मद्य चाखायला ठेवणारा बहुधा हयात नसतो, आणि हे ठाऊक असूनही तो ते मन लावून ठेवतो. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट.

गैरसमज ७ : ब्रँडी औषध आहे. सर्दीला, थंडीला, लहान मुलालाही चालते.

वस्तुस्थिती : हा गैरसमज निराधार जन्मलेला नाही. एकेकाळी ब्रँडी खरोखर औषधांच्या अधिकृत यादीत होती. पण अमेरिकेच्या औषधकोशातून ती १९१६मध्येच वगळली गेली. पोटात गेल्यावर ऊब वाटते, कारण मद्यार्काने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे शरीराच्या आतली उष्णता उलट बाहेर पडते. सर्दीच्या विषाणूवर तिचा काही उपाय चालत नाही.

लहान मुलाला तर ती एक थेंबही देऊ नये. मद्यार्काने मुलाच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि श्वास मंदावू शकतो. रडणारं मूल ब्रँडीने शांत झोपलं, की घरच्यांना गुण आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ती गुंगी असते. मोठ्यांसाठीही मद्याचं कोणतंच प्रमाण पूर्ण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट केलं आहे. कोन्याक कितीही जुनं आणि मोलाचं असलं, तरी ही गोष्ट त्यालाही लागू आहे.

मग ज्याने आयुष्यात कधी घोटही घेतला नाही आणि घेणारही नाही, त्याने कोन्याकची गोष्ट का वाचावी? पैठणला जाऊन पाहा. हातमागावर महिनोन्महिने विणलेली पैठणी आणि यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ एकाच बाजारात, एकाच नावाने गिऱ्हाइकापुढे येतात. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, मराठवाड्याच्या केशर आंब्याला आणि जालन्याच्या मोसंबीला आहे, गोव्याच्या काजू फेणीला २००९पासून आहे. कोन्याकचं नावही भारतात याच कायद्याखाली नोंदलेलं आहे. म्हणजे कायद्याच्या दारी पैठण आणि कोन्याक शेजारी उभी आहेत.

फरक नोंदणीनंतर सुरू होतो. कोन्याकच्या शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी हद्द, जात, भट्टी, तारीख, वय असा एकेक नियम स्वतःवर बांधून घेतला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला. औषधाच्या कपाटातली ती बाटली आजच काढून टाकू या. आणि पुढच्या वेळी पैठणी घेताना दुकानदाराला आधी विचारू या, ती कुठल्या मागावर विणली आणि कुणी विणली.