आवाज गाळणारी पेटी

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुट्या पेट्यांचं वाद्य. एक पेटी स्वर काढते, दुसरी तो चढवते-उतरवते, आणि सगळ्या एकमेकींना केबलींनी जोडायच्या. यातली सगळ्यात लाडकी पेटी फिल्टरची. ती स्वतः काही वाजवत नाही, आलेल्या आवाजातून हवं तेवढं ठेवते आणि बाकीचं गाळून टाकते. वाद्याचा पोत ठरतो तो या गाळण्यावरच. कान तयार असलेल्या इंदूरकरांना हे फार समजावून सांगावं लागणार नाही.

पहिला फिल्टर गळ्यातच. एकच सा धरा आणि ‘आ’वरून ‘ई’वर जा. स्वरतंतू तसेच थरथरताहेत, बदलला तो तोंडाचा आणि जिभेचा आकार. त्यानं काही उपस्वर पुढे आले, काही मागे गेले. २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकरांचा गळा असो, नाहीतर उस्ताद अमीर खाँसाहेबांचा खर्जातला आकार, विज्ञान तेच.

दुसरा तानपुऱ्याच्या घोडीवर. तारेखालचा दोरा केसभर सरकवला की जवारी खुलते किंवा मिटते. तार तीच, स्वर तोच, उपस्वरांचा मेळ मात्र निराळा. ज्या मिरजेच्या तानपुऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथले कारागीर ही कामगिरी निव्वळ कानावर करतात.

ट्रान्झिस्टरची शिडी. अमेरिकेच्या रॉबर्ट मूग यांनी १९६०च्या दशकात ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक रचून फिल्टर बनवला. १९६९मध्ये त्याला पेटंट मिळालं. चार पायऱ्या, प्रत्येकीचा उतार सप्तकाला ६ डेसिबल, एकूण २४. म्हणजे गाळणीच्या हद्दीपलीकडे दर सप्तकाला आवाजाची पातळी साधारण सोळाव्या हिश्श्यावर येते.

मूग आपल्या शेजारी. इंदूरहून अहमदाबाद सुमारे ४०० किलोमीटर. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं मूग मॉड्युलर उभा करून दिला. पखवाज शिकलेल्या गीता साराभाई आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यावर प्रयोग केले. त्या टेप पुढे संस्थेच्या संग्रहात सापडल्या आणि २०२३मध्ये निवडक ध्वनिमुद्रणं प्रसिद्ध झाली.

मुंबईचे दहा राग. १९८२मध्ये चरणजीत सिंग यांनी भैरव, यमन, मालकंस अशा दहा रागांना डिस्कोचा ठेका दिला. रोलंड टीबी-३०३ या छोट्या यंत्राचा डायोडचा फिल्टर त्यात सारखा उघडतो-मिटतो. याच यंत्राच्या चिवचिवाटावर शिकागोत १९८७मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ हे ध्वनिमुद्रण आलं आणि जगभर नाचाची नवी लाट उसळली. आपले राग पाच वर्षं आधी!

बसवताना लाल पट्टी बघा. युरोरॅक या प्रचलित पद्धतीत पेटीची उंची १२८.५ मिलिमीटर, केबलचा जॅक ३.५ मिलिमीटरचा. आधी वीज बंद. मग सपाट पट्टा-केबलची लाल कडा उणे १२ व्होल्टच्या खुणेकडे. पट्टा उलटा लागला तर पेटी जळू शकते, म्हणून खूण वाचल्याशिवाय बटण दाबू नये.

पहिला आवाज असा ऐका. ऑसिलेटरची, म्हणजे स्वर काढणाऱ्या पेटीची, करवती लहर फिल्टरमध्ये सोडा, कारण तिच्यात उपस्वर भरपूर. लो-पास फिल्टरचा कटऑफ, म्हणजे गाळणीची हद्द, पूर्ण उघडा आणि सावकाश मिटत जा. आधी धार जाते, मग चमक, शेवटी नुसता घुमारा उरतो. आता रेझोनन्स थोडा वाढवा. कटऑफपाशी जे उपस्वर आहेत ते ठसठशीत होतात आणि नॉब फिरवताना एकेक करून वेगळे ऐकू येतात. हे एकदा ऐकलं की स्वराच्या पोटात किती स्वर असतात ते कायमचं कळतं.

गाळणीच गाऊ लागते. रेझोनन्स आणखी वाढवला की बऱ्याच फिल्टरमधून, आत काही न सोडताही, शुद्ध शिट्टीसारखा स्वर निघतो. कटऑफ म्हणजे मग त्याची पट्टी. १ व्होल्टला १ सप्तक हे माप तो फिल्टर पाळत असेल, तर त्यावर सुरावट वाजवता येते. शिडीच्या फिल्टरमध्ये रेझोनन्स वाढवताना खर्ज मात्र पातळ होतो, तो मिक्सरमधून वेगळा भरून घ्यावा.

वैशाखात सूर सरकतो. ट्रान्झिस्टर उष्णतेला हळवे. भरपाईची सोय नसेल तर दर अंश सेल्सिअसला व्होल्टेज आणि स्वर यांचं प्रमाण सुमारे ०.३३ टक्क्यांनी ढळतं. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा रॅक चालू करून वीसेक मिनिटं तापू द्या, मगच सा लावा, आणि एसी लावला असेल तर मध्येच पुन्हा एकदा. गवई मैफलीत तानपुरा पुन्हा जुळवतो तेव्हा कुणी घाई करत नाही. इथेही तेवढाच धीर धरा, सूर पक्का लागेल.