पिवळा दिवा आणि एक टिकली

डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या वाईच्या घरी दिवाळीहून मोठी धांदल. भिलार-पाचगणीकडची स्ट्रॉबेरी भरून आमचा पिकअप रात्री पसरणीचा घाट उतरतो आणि पहाटे पुण्याच्या बाजारात क्रेट उतरवतो. नाताळ ते एकतीस तारीख या दिवसांत भाव असतो, आणि एक फेरी चुकली की गाडीच्या कर्जाचा हप्ता डगमगतो. हिशेबाची वही माझ्याकडेच असते, त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगायला नको.

अशाच एका सकाळी गाडी रिकामी परत आली. सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यायचं होतं म्हणून मी पुढे बसले, तर मीटरच्या काचेवर एक मरून टिकली! मला हसूच आलं. आपण बायका न्हाणीघराच्या आरशावर लावून ठेवतो ना, तशी. सवयीनं नखानं काढली, तर खालून एक पिवळा दिवा डोळे वटारून बघतोय. गोलात इंग्रजी तीन अक्षरं, ए, बी, एस.

"मामा, हे काय?"

ड्रायव्हरमामा क्षणभर स्टिअरिंगकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "चार दिस झालं वैनी. ब्रेक लागत्यात की. रातीचा उगं डोळ्यांत येतो, म्हणून झाकला."

ब्रेक लागतात, हे मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्यातच सगळी गोम आहे. मला तरी तेव्हा कुठे ठाऊक होतं? हा दिवा लागला म्हणजे नेहमीचे ब्रेक गेले असं नाही. गेलेलं असतं ते ब्रेकच्या डोक्यावर बसवलेलं शहाणपण.

ज्यांच्या माहेरी गोठा आहे त्यांना लगेच कळेल. अवखळ वासराचं दावं एकदम खेचलं की ते चारी पाय रोवतं आणि तसंच घसरत, फरफटत येतं. वळवू म्हटलं तर वळत नाही. तेच दावं जरा ढिलं, जरा ताठ, पुन्हा ढिलं असं केलं की मुकाट चालू लागतं. गाडीच्या चाकाचं अगदी असंच. ओल्या रस्त्यावर ब्रेक करकचून दाबला की चाक फिरायचं थांबतं, पण गाडी थांबत नाही. घसरत जाते, आणि स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी ऐकत नाही. एबीएस असलं की प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर चाक किती वेगानं फिरतंय ते सतत कळवत राहतो. एखादं चाक अडकायला लागलं की यंत्र त्याचा ब्रेक सोडतं-धरतं, सेकंदाला कितीतरी वेळा. माणसाच्या पायाला ते जमणारं नाही. ही युक्ती मुळात विमानांच्या चाकांसाठी निघाली. मोटारींत आजच्यासारखी इलेक्ट्रॉनिक रूपात ती 1978 साली एका महागड्या जर्मन गाडीत आली. आपल्याकडे 2019 च्या एप्रिलपासून नव्या मोटारींना आणि सव्वाशे सीसीच्या वरच्या दुचाकींना ती सक्तीची झाली. म्हणजे पिकअप नसला तरी हा दिवा तुमच्याही दारात असेल, बरं का!

आता हा दिवा नेमका थंडीतच का पेटावा? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधीमधी दव गोठतं, तेवढीच आपल्या जिल्ह्याची बर्फाची हौस. परदेशात रस्त्यावरचं बर्फ वितळावं म्हणून मीठ टाकतात आणि त्यानं हे सेन्सर गंजतात म्हणे. आपलं मीठ म्हणजे ऊस! साखर कारखाने पेटले की ट्रॅक्टर शेतातली काळी माती थेट डांबरी रस्त्यावर आणतात, वर पाचट पडतं, आणि पहाटेच्या दवानं त्याचं शेवाळ झाल्यागत होतं. तोच चिखल चाकाच्या आत उडून सेन्सरवर बसतो आणि वाळतो. सेन्सरला चाक दिसेनासं झालं की यंत्र म्हणतं, मला भरवसा नाही, मी बाजूला होतो. मग दिवा लावून स्वस्थ बसतं. म्हणजे ज्या दिवसांत रस्ता सगळ्यात निसरडा, नेमकं तेव्हाच ते रजेवर!

दुसरं कारण बॅटरी. थंडीत म्हातारी बॅटरी गळाठते, गाडी सुरू करताना वीज कमी पडते आणि हा दिवा लागतो. कधी नुसतं टर्मिनलवर पांढरं बुरशीसारखं साठलेलं असतं. ते साफ करून घट्ट बसवलं की दिवा जातो. आणि तिसरं कारण उंदीर. माझी धाकटी बहीण तासगावला दिली आहे, त्यांचा द्राक्षांचा व्यवसाय. त्यांच्या गाडीचा दिवा दोनदा लागला, दोन्ही वेळा वायर कुरतडलेली. रात्री गरम बॉनेटखाली उंदरांना ऊब मिळते. धाकटीनं डांबरगोळ्या ठेवून पाहिल्या, फारसा गुण आला नाही. गाडी कडब्याच्या गंजीजवळ लावायची बंद केली तेव्हा कुठे त्रास कमी झाला.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी मी एवढंच म्हटलं की आज रात्री गाडी जाणार नाही. आमचे हे चांगलेच तापले. "अगं, दिवा लागलाय, आग नाही लागली! क्रेट भरून तयार आहेत तिकडे." भावजींनीही री ओढली. मीसुद्धा डळमळले असते, खोटं कशाला बोलू? पण सासूबाईंना डॉक्टरांकडे सोडून बाहेर थांबले होते, तेव्हा मामा हळूच बोलले होते. दोन दिवसांपूर्वी पहाटे रिकामी गाडी घेऊन येताना सुरूर फाट्याच्या अलीकडे चिखलात गाडीचा मागचा भाग एकदम बाजूला फिरला होता. पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नाही. हातभर अंतर उरलं.

"मग सांगितलं का नाही मामा?"

"गाडी हुबी ऱ्हायली की माझी हजरी बुडती वैनी. लेकीची फी भरायची हाय."

दिव्यावर टिकली का बसली, ते मला तिथं कळलं. आमच्याच वहीत, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: फेरी नाही, हजेरी नाही. दुरुस्तीचा दिवस आला की मामांच्या नावापुढे मीच फुली मारत होते. मग त्यांनी दिवा दाखवावा तरी कशाला?

क्रेट त्या रात्री दुसऱ्याच्या गाडीनं, भाडं भरून गेले. त्या फेरीत आम्हाला काही सुटलं नाही. दोन दिवस ह्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

गाडी साताऱ्याला ज्या गॅरेजात नेली तिथे स्कॅनर होता. डॉक्टर छातीला नळी लावतात तसा तो गाडीला लावला की कुठल्या चाकाची तक्रार आहे ते आकड्यांत सांगतो. निघालं मागचं डावं चाक. पंधरा दिवसांपूर्वी दुसरीकडे त्याच चाकाचे लायनर बदलून घेतले होते, आणि त्या वेळी सेन्सरची वायर चिमट्यात परत अडकवायची राहून गेली होती. ती चाकाला घासून घासून उघडी पडली, वर चिखलाचा थर. मिस्त्रींनी सेन्सर कापडानं पुसला, वायर जोडून नीट बांधली. "ताई, चाक खोललं की ही वायर बघून घ्यायची," ते म्हणाले. "आन् फवाऱ्यानं धुताना पाण्याची धार थेट हितं मारू देऊ नका."

मग मी त्यांच्यापुढे स्टूल ओढून बसले आणि जे जे विचारायचं ते विचारून घेतलं. गॅरेजात बाईमाणूस प्रश्न विचारतं म्हणून पोरं हसत होती, हसू देत.

गाडीची किल्ली फिरवली की पिवळा दिवा आधी लागतो आणि थोड्याच वेळात विझतो. तो तसा विझलाच पाहिजे. दुचाकीचा मात्र जरा पुढे गेल्यावर विझतो. मुळात लागलाच नाही तरी दाखवून घ्यायचं. चालत्या गाडीत लागला तर घाबरून करकचून थांबायचं नाही. वेग कमी, पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट, आणि कडेला घेऊन गाडी बंद करून पुन्हा सुरू करून पाहायची. तरी राहिला तर सावकाश मिस्त्री गाठायचा. पण पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी जागची हलवायची नाही. हँडब्रेक ओढलेला राहिला नसेल तर बहुधा ब्रेक ऑइल उतरलेलं असतं. आणि ते कमी झालं म्हणून घरातलं दुसरं कुठलंही तेल त्यात ओतायचं नाही. रबरं फुगतात आणि सगळंच नासतं. हे ऑइल हवेतला ओलावा पितं, मिठाच्या बरणीसारखं. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं.

मामांची तीस वर्षांची सवय म्हणजे ब्रेक दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. मिस्त्री म्हणाले, दिवा विझलेला असेल, म्हणजे यंत्र चालू असेल, तर संकटात ब्रेक एकदाच जोरात दाबून धरायचा आणि स्टिअरिंगनं बाजूला काढायची. पायाखाली खटखट होते, ती होऊ द्यायची. ती ऐकून पाय उचलला की सगळं फुकट. दिवा लागलेला असेल तेव्हा मात्र मामांची जुनी दाब-सोडच कामाची. मामांची कळी जराशी खुलली.

एक गोष्ट माझ्या मनात उलटी बसली होती. मला वाटायचं, भरलेल्या गाडीची काळजी करावी, रिकामी काय, येईल घरी! घाट उतरताना भरलेली गाडी ब्रेक तापवते हे खरंच. म्हणून ज्या गिअरमध्ये चढायची त्यातच उतरायची, डिझेल वाचवायला न्यूट्रल करायची नाही. पण निसरड्यावर फिरते ती रिकामी. मागच्या हौद्यात वजन नसलं की मागची चाकं रस्ता नीट धरत नाहीत आणि पटकन अडकतात. मामांची गाडी रिकामी येतानाच फिरली होती ना!

घरी आल्यावर वहीचं नवं पान काढलं. गाडी दुरुस्तीला उभी राहिली तरी मामांची हजेरी पूर्ण. ह्यांनी पान वाचलं, काही बोलले नाहीत, खाली सही तेवढी केली.

आता पहाटे तीनच्या सुमाराला गाडी निघताना माझा फोन वाजतो. सासूबाईंची झोपमोड होते म्हणून मी तो उशीखाली ठेवते. पलीकडून मामा एवढंच सांगतात, "वैनी, लागला... इझला. निगालो."